प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव ठेवताना थट्टा किती चालते?

प्रश्न असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी सातवी ते नववीच्या मुलांसाठी मराठी कीवर्डची (म्हणजे ठरलेल्या आज्ञाशब्दांची) एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बनवायला घेतली आहे. लिहिलेला प्रोग्रॅम वाचून चालवणारा इंटरप्रिटर बऱ्यापैकी चालतो, घोडं अडलंय नावावर. यादीत 'परशुराम', 'हापूस' आणि 'गजाल' (मालवणीत गप्पा) ही नावं आहेत. शिवाय कोकणात देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यासारखा प्रोग्रॅम 'बा देवा म्हाराजा'ने सुरू होऊन 'व्हय म्हाराजा'ने संपावा आणि चूक झाली की पडद्यावर 'शिरा पडो तुझ्या तोंडार' हा मालवणी शाप उमटावा, असाही बेत आहे. त्यांचे शिक्षक म्हणतात की हा पोरखेळ झाला, खऱ्या भाषा अशा नसतात. विद्यार्थी म्हणतात, पायथॉन बघा. मी आधी पुण्यात आणि आता रत्नागिरीत बसून कंपायलरचीच (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांची) कामं करत आलोय, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिल्यांदा शिक्षकांबद्दल. त्यांचा आदर ठेवून सांगतो, ते चुकताहेत. भाषा बनवणारी माणसं जितकी टवाळ असतात तितकी संगणकाच्या दुसऱ्या कुठल्याही आळीत सापडायची नाहीत. कोबोलपेक्षा गंभीर भाषा कोणती? बँकांची, सरकारी हिशेबांची. ती घडत असताना समितीच्या संथ कारभाराला वैतागून हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी १९६० च्या सुमारास चक्क थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर 'कोबोल' कोरून घेतलं आणि तो चार्ल्स फिलिप्स या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवून दिला. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे आणि कोबोल अजून पगार काढतंय.

आता तुम्हा विद्यार्थ्यांबद्दल. पायथॉनचा दाखला तुम्ही देताय खरा, पण तो तुमच्या बाजूने जेवढा बोलतो तेवढाच विरुद्धही बोलतो. तो नीट बघू.

१९८९ च्या नाताळात ग्विडो व्हॅन रॉसम यांचं अ‍ॅमस्टरडॅममधलं ऑफिस बंद राहणार होतं आणि आठवडाभर हाताला काहीतरी चाळा हवा होता. त्यातून ही भाषा सुरू झाली. नाव ठेवताना ते जरा टवाळ मूडमध्ये होते आणि बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस' या विनोदी कार्यक्रमाचे भक्त होते, म्हणून पायथॉन. पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये आली. तुमच्या कॉलेजात विचारून बघा, दहातले नऊ जण सांगतील की अजगरावरून नाव पडलंय. पुढे बोधचिन्हातही दोन साप आले. म्हणजे थट्टा बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही आणि तरी नावाचं काहीच बिघडलं नाही. छोटं आहे, उच्चारायला सोपं आहे, डोळ्यांसमोर चित्र उभं करतं. माझी सगळी कसोटी इथेच आहे: ज्याला थट्टा कळली नाही त्याचंही काम अडता कामा नये. खाली जे काही लिहितोय ते याच कसोटीवर घासून.

पायथॉनमध्ये थट्टा कुठे कुठे लपवलीय ते बघा. दस्तऐवजांतल्या उदाहरणांत चलांची नावं 'स्पॅम' आणि 'एग्ज' असतात, ती त्याच कार्यक्रमातल्या एका प्रहसनातली. सोबत येणाऱ्या संपादकाचं नाव 'आयडल' आहे. सरळ वाचलं तर ती लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आणि ओळखलंत तर मंडळीतले एक कलाकार एरिक आयडल. 'इम्पोर्ट धिस' असं लिहिलंत की टिम पीटर्स यांची एकोणीस सूत्रं छापली जातात. त्यांत एक सूत्र म्हणतं की प्रत्येक गोष्ट करायचा एकच उघड मार्ग असावा, आणि लगेच पुढचं म्हणतं की तो मार्ग सुरुवातीला उघड दिसेलच असं नाही, तुम्ही डच असाल तर गोष्ट वेगळी. ग्विडो डच आहेत. त्यातली खरी मेख मात्र त्या फाइलमध्ये आहे. ती उघडून पाहिलीत तर मजकूर प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून लिहिलेला दिसतो. वाचनीयतेचे गोडवे गाणारी फाइल स्वतः वाचता येत नाही!

आणखी एक. पायथॉनमध्ये ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) महिरपी कंसांनी नव्हे, समासाने ठरतो, यावरून लोक वर्षानुवर्षं कटकट करतात. भविष्यातल्या सोयी आधीच मागवण्याची जी अधिकृत पद्धत आहे तिने कुणी कंस मागवले, तर भाषा उत्तर देते, 'नॉट अ चान्स'. ही चूकसूचना आहे आणि ती थट्टा करते, हे खरं. पण ती कुणाला दिसते? जो मुद्दाम खोडी काढायला गेला त्यालाच. रात्री अकराला प्रात्यक्षिक पूर्ण करणाऱ्या मुलीच्या वाटेत ती कधीच येत नाही.

जिथे पायथॉनची थट्टा वाटेत आली तिथे ती बाजूला सरकवावी लागली. पॅकेजांच्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमांच्या, भांडाराला सुरुवातीला 'चीज शॉप' म्हणत. मूळ प्रहसनात गिऱ्हाईक एकामागून एक चीजची नावं घेत जातं आणि दुकानात एकही नसतं. नवख्या माणसाला पॅकेज कुठून घ्यायचं ते शोधायचं असतं, त्याला रिकाम्या चीजच्या दुकानाचा संदर्भ काय उपयोगाचा? आज सगळे पायपीआय म्हणतात. पॅकेजच्या स्वरूपाला 'व्हील' म्हणतात ते चीजच्या चाकावरून, पण ते टिकलं, कारण चाक म्हटलं की कुणालाही काहीतरी बोध होतोच.

टिकलेल्या थट्टा बहुतेक अशाच दुहेरी आहेत. सी या भाषेआधी बी होती, बीआधी बीसीपीएल. त्यामुळे सीनंतरची भाषा डी (वर्णमालेतलं पुढचं अक्षर) असणार की पी (बीसीपीएलमधलं पुढचं), यावर जुन्या मंडळींत विनोद चालायचे. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या 'सी विथ क्लासेस'ला १९८३ मध्ये रिक मॅसिटी यांनी नाव सुचवलं सी++, म्हणजे सीमध्ये एक मिळवा. ज्यांना सी येते ते पुढे हसतात, कारण ++ नंतर लिहिलं तर किंमत वाढते खरी, पण त्या वाक्यात हाती पडते ती जुनीच. पर्लचं नाव लॅरी वॉल यांनी बायबलमधल्या अनमोल मोत्याच्या दृष्टान्तावरून घेतलं, पण त्या स्पेलिंगची एक भाषा आधीच होती म्हणून एक अक्षर गाळलं. मग त्याचं लांब रूप जुळवण्यात आलं आणि 'विकृतीच्या थराला गेलेली, जे मिळेल ते गोळा करणारी कचऱ्याची यादी' अशा अर्थाचं दुसरं लांब रूपही स्वतः वॉल यांनीच देऊन टाकलं. पर्ल म्हणजे मोती, म्हणून युकिहिरो मात्सुमोतो आणि त्यांचे मित्र १९९३ मध्ये रत्नाच्याच नावाच्या शोधात होते. पोवळं की माणिक असा घोळ चालला आणि माणिक जिंकलं, म्हणजे रुबी. पाश्चात्त्य जन्मरत्नांच्या यादीत जूनचा मोती आणि जुलैचं माणिक, हा योग तर फारच छान. रुबीच्या पॅकेजला 'जेम' म्हणतात. आता यातलं एक अक्षर माहीत नसलं तरी रुबी शिकता येते.

एक एप्रिलबद्दल थोडं, कारण या लोकांचा तो शिमगा. १९९८ मध्ये स्ट्राउस्ट्रुप यांनी अगदी समितीच्या थाटात निबंध लिहून सुचवलं की सी++ मध्ये मोकळ्या जागेचंही ओव्हरलोडिंग करता यावं, म्हणजे तिलाही हवा तो नवा अर्थ देता यावा. २००३ च्या एक एप्रिलला 'व्हाइटस्पेस' नावाची भाषा आली. तिच्यात फक्त स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांनाच अर्थ, बाकी अक्षरं म्हणजे शेरे. प्रोग्रॅम छापला तर कोरा कागद. सोंग शिमग्यापुरतं घ्यायचं आणि नंतर तोंड धुवायचं, हा नियम हेही पाळतात. एका सोंगाचा रंग मात्र निघाला नाही. २००१ मध्ये सायमन कझन्स यांनी बातमी पिकवली की पर्ल आणि पायथॉन एक होऊन 'पॅरट' नावाची भाषा येतेय. पुढे पर्ल ६ साठी खरंच एक आभासी यंत्र बांधायला घेतलं आणि त्याचं नाव पॅरटच ठेवलं. ते यंत्र यथावकाश मागे पडलं. खुद्द पर्ल ६ चं नाव २०१९ मध्ये बदलून राकू झालं, कारण पाचच्या पुढचा आकडा असला तरी ती वेगळीच भाषा होती आणि ते नाव दोन्ही बाजूंना जाच करत होतं.

आता तुमच्या यादीकडे. परशुराम लगेच खोडा.

यात धर्माचा काही प्रश्न नाही. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के मुलांसाठी एक भाषा बनवत होते. तेव्हा प्रणालींना झ्यूस, ओडिन, थॉर अशी देवांची नावं द्यायची फॅशन होती आणि त्यातल्या बऱ्याच काही धड करत नसत. के यांनी मुद्दाम उलट केलं आणि नाव ठेवलं 'स्मॉलटॉक', म्हणजे इकडच्या तिकडच्या गप्पा. इतक्या बिनधोक नावाकडून कुणी काही अपेक्षाच करणार नाही आणि चुकून काही चांगलं निघालं तर लोकांना आनंदच होईल, असा त्यांचा हिशेब. नंतर त्याच स्मॉलटॉकने खिडक्या आणि ऑब्जेक्ट यांच्या जगाला वळण लावलं. आपल्याकडे तर ही सवय मुरलेलीच आहे. मी ज्या एका कंपनीत होतो तिथे गरुड, नारद, मारुती अशी अंतर्गत साधनं होती आणि लॉग (यंत्राच्या कामाच्या नोंदी) कोण गोळा करतो हे आठवायला दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागायची. नारदाने केला असता तर निदान शोभला असता, पण करायचा मारुती. समुद्र हटवून कोकण उभं करणाऱ्याचं नाव तुम्ही बेरीज-वजाबाकीच्या इंटरप्रिटरला दिलंत तर पहिल्याच क्रॅशला पोरं काय बोलतील याचा विचार करा.

हापूस. मोह मला समजतो. पॅकेजला 'पेटी', बिल्ड करण्याला (प्रोग्रॅम चालण्याजोगा तयार करण्याला) 'आढी', निरुपयोगी मेमरीला 'बाठा', असा सगळा बाग तुम्ही लावून ठेवलाय. एका कल्पनेवर सगळं कुटुंब उभारायची रीत जुनी आहे. रस्ट या भाषेत 'कार्गो' माल हलवतो आणि पॅकेजला 'क्रेट' म्हणतात. जावा म्हणजे कॉफी, म्हणून 'बीन' आणि 'जार'. कंपाइल केलेल्या प्रत्येक जावा फाइलची पहिली चार बाइट सोळाच्या पायात लिहिली की 'कॅफेबेब' असं वाचता येतं. कोट्यवधी यंत्रांवर ही थट्टा रोज धावते आणि कुणाच्याही पायात येत नाही. अशी थट्टा मला सगळ्यांत आवडते. उलट मॅकवरचं होमब्रू बघा. फॉर्म्युला, केग, कास्क, सेलर, बॉटल, टॅप. प्रोग्रॅम बसवण्याआधी बिअर गाळायला शिकल्यासारखं वाटतं. क्रेट आणि कास्क यांत फरक हाच की खोका म्हटलं की आत काहीतरी भरलंय हे कळतं, पिंपांचे प्रकार मात्र पाठ करावे लागतात.

या मापाने 'पेटी' उत्तम. आंबा माहीत नसलेल्यालाही पेटीत वस्तू असते हे ठाऊक असतं. 'आढी' कोकणातल्या पोरांना कळेल, गवतात आंबे पिकत घालणं त्यांनी पाहिलंय. पण उद्या परभणीच्या शाळेने भाषा घेतली तर? आणि बिल्डला लागतात दोन सेकंद, आढीला आठवडा. 'बाठा' सोडून द्या. त्या वयाच्या मुलांना मेमरीच्या साफसफाईचं नावही कळायची गरज नाही.

हापूस हे मुख्य नाव म्हणून वाईट आहे ते वेगळ्याच कारणाने. शोधून बघा. एप्रिल-मेमध्ये तुमची मदतपुस्तिका शोधणाऱ्याला देवगडच्या पाच डझनांच्या पेटीचे भाव सापडतील. हसू नका, गूगललाही हे जमलं नव्हतं. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी 'गो' जाहीर केली. इंग्रजीतलं अगदी सामान्य क्रियापद, शोधणार कसं? लोकांनी 'गोलँग' म्हणायला सुरुवात केली, कारण संकेतस्थळाचा पत्ता तसा होता. शिवाय 'गो!' नावाची, उद्गारचिन्हासकट, एक भाषा फ्रान्सिस मॅककेब आणि कीथ क्लार्क यांची आधीपासून होती. मॅककेब यांनी गोच्या तक्रारवहीत नवव्या क्रमांकाची तक्रार नोंदवली. नाव काही बदललं नाही. मोठ्या कंपनीला ते पचलं, तुम्हाला पचणार नाही.

नावाच्या मालकीचंही बघून घ्या. जावाचं पहिलं नाव 'ओक', जेम्स गॉस्लिंग यांच्या खिडकीबाहेरच्या झाडावरून. ते ट्रेडमार्क दुसऱ्याचं निघालं म्हणून १९९५ मध्ये जावा झालं. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी मे महिन्यात दहा दिवसांत जी भाषा उभी केली ती आधी 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट' आणि डिसेंबरमध्ये जावाच्या लाटेवर स्वार व्हायला 'जावास्क्रिप्ट' झाली. दोन्हींचा तसा संबंध नाही. मुलाखतीला येणाऱ्या मुलांकडून मी आजही दोन्ही एकच असल्याचं ऐकतो. प्रमाणीकरणाच्या वेळी तेही नाव वापरता येईना, म्हणून 'एक्मास्क्रिप्ट' असं नाव आलं. आइक त्याबद्दल म्हणतात की ते एखाद्या त्वचारोगासारखं वाटतं. कागदावर तेच अधिकृत आहे, बोलण्यात कुणी घेत नाही.

परक्या भाषेत नाव कसं ऐकू येतं हेही एकदा तपासा. निम या भाषेचं आधीचं नाव 'निमरॉड' होतं. बायबलमधला पराक्रमी शिकारी, पण अमेरिकी बोलीत तो शब्द बावळटासाठी वापरतात. २०१४ मध्ये शेपूट छाटलं.

व्यक्तीचं नाव तुमच्या यादीत नाही, तरी कुणीतरी सुचवेलच. गणिती एडा लव्हलेसवरून एका भाषेचं नाव 'एडा' ठेवलं तेव्हा अमेरिकी लष्कराने मानकाचा क्रमांक दिला १८१५, ते तिचं जन्मवर्ष. थट्टा म्हणा की आदरांजली, पण शोधणाऱ्यालाच सापडते. 'हॅस्केल'ची गोष्ट मला याहून आवडते. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून नाव ठेवायचं ठरलं तेव्हा 'करी'ही विचारात होतं, पण त्यावर होणाऱ्या कोट्यांच्या भीतीने समितीने ते बाजूला ठेवलं. मग दोघे जण रीतसर त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांची परवानगी घ्यायला गेले. बाईंनी आगतस्वागत केलं, होकार दिला आणि निघताना सांगितलं की हॅस्केलना स्वतःला ते नाव कधी आवडलंच नव्हतं! तुम्हाला कोकणातलंच माणूस हवं असेल तर दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे आहेत, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. 'रँग्लर' हे नाव मुलांना आवडेलही. पण माझा कौल तिकडे नाही.

माझा कौल 'गजाल'ला. नकळत तुम्ही के यांच्याच वाटेने गेलात: गप्पा, मुलांसाठी, बिनधोक. मालवणी न येणाऱ्याला तो एक गोड अनोळखी शब्द वाटेल, येणाऱ्याला मजा येईल. एकच अडचण आहे, रोमन लिपीत कुणी कसंही लिहील आणि शोधताना उर्दू गझला समोर येतील. कमांडचं स्पेलिंग पहिल्या दिवशी एकदाच ठरवा, फाइलच्या शेपटीत तेच वापरा आणि जोडीला 'गजाल भाषा' असा जोडशब्द सगळीकडे चालवा.

आता गाऱ्हाणं. इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण नाव एकदा ठेवलं की विसरलं जातं, कीवर्ड मात्र रोज टंकावा लागतो.

कीवर्डमधली थट्टा दोन प्रकारची असते. पहिली 'इंटरकॅल'ची. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या डॉन वुड्स आणि जेम्स ल्यॉन या विद्यार्थ्यांनी ती बनवली. तुमच्यासारखीच पोरं. भाषेचं पूर्ण नाव 'उच्चारता येईल असं लघुरूप नसलेली कंपायलर भाषा' अशा अर्थाचं, आणि त्याचं लघुरूप म्हणे इंटरकॅल. दुहेरी अवतरणाला सशाचे कान, वजाच्या चिन्हाला अळी. आणि 'प्लीज'. आज्ञांमध्ये प्लीज पुरेसे नसतील तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो, फार झाले तर लाळघोटा म्हणून. मूळ मॅन्युअलात याचा उल्लेखही नव्हता. अर्ध्या शतकानंतरही लोक तिच्यात प्रोग्रॅम लिहितात, पण ती छळण्यासाठीच बनवलीय हे माहीत असून लिहितात. तुमची भाषा सातवीच्या मुलाला शिकवण्यासाठी आहे. २००७ ची लोलकोडही याच जातीची. मांजरांच्या चित्रांवरच्या मोडक्या इंग्रजीत 'हाय'ने सुरू आणि 'केथॅन्क्सबाय'ने खलास. दहा मिनिटं हसू येतं.

दुसरा प्रकार म्हणजे थट्टा असूनही जो शब्द काम करतो. अल्गोल ६८ मध्ये इफ उघडलं की तीच अक्षरं उलटी करून, म्हणजे 'फाय'ने, ते बंद करायचं. केस बंद करायला 'इसॅक'. स्टीव्ह बोर्न यांनी ही रीत युनिक्स या प्रणालीच्या शेलमध्ये (टंकलेल्या आज्ञा पाळणाऱ्या भागात) आणली आणि आज जगातला प्रत्येक सर्व्हर सांभाळणारा माणूस न हसता फाय लिहितो. उलट शब्द म्हणजे बंद होणारं दार, हे मनात बसतं. 'डू' बंद करायला मात्र 'ओडी' न वापरता 'डन' वापरावं लागलं, कारण ओडी नावाचा प्रोग्रॅम युनिक्सवर आधीपासून होता, फाइलमधले आकडे आठच्या पायात दाखवणारा. थट्टा पुढे न्यायची की चालू प्रोग्रॅम मोडायचा, असा प्रश्न आल्यावर बोर्न यांनी थट्टा सोडली. पर्लचं 'ब्लेस'ही असंच. साध्या डेटाला एखाद्या वर्गाचा आशीर्वाद द्यायचा की तो ऑब्जेक्ट झाला. वॉल श्रद्धाळू आहेत, पण तुम्ही नसलात तरी ब्लेस तितकंच काम करतं.

तुमचं 'बा देवा म्हाराजा' काय काम करतं? काहीच नाही. ती ओळ गाळली तरी इंटरप्रिटरला काही फरक पडत नाही, तुम्ही ती फक्त सक्तीची केलीय. म्हणजे इंटरकॅलचं प्लीज. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. मालवणच्या ख्रिस्ती पाड्यातल्या किंवा राजापूरच्या मोहल्ल्यातल्या मुलीला प्रत्येक प्रोग्रॅमआधी देवाला गाऱ्हाणं घालायला लावू नका. ते काढा.

'व्हय म्हाराजा' मात्र सोन्यासारखं आहे, फक्त तुम्ही चुकीच्या जागी ठेवलंय. गाऱ्हाण्यात ते शेवटी एकदा येतं का? गावकर एकेक मागणं म्हणतो आणि प्रत्येकाला जमाव व्हय म्हाराजा म्हणतो. ते बोलणाऱ्याचे नव्हे, ऐकणाऱ्याचे शब्द आहेत. मग ते मुलाने का टंकावेत? इंटरप्रिटरने म्हणावेत! परस्परसंवादी खिडकीत मुलाने आज्ञा दिली, ती बरोबर चालली, की खाली 'व्हय म्हाराजा'. मूल खुशीत असतं तेव्हाच थट्टा भेटते. पन्नासाव्यांदा कंटाळा येईल, म्हणून बंद करायची सोय ठेवा आणि फाइलमधून चालवताना तो मजकूर छापूच नका, नाहीतर कुणाच्या तरी उत्तराच्या आकड्यांत म्हाराजा घुसेल.

'शिरा पडो' अजिबात नको. घरात आजी म्हणते तेव्हा त्यात माया असते, यंत्र म्हणतं तेव्हा नसते. आणि कोकण म्हणजे नुसतं मालवण नव्हे. संगमेश्वरकडची बोली निराळी, पेण-अलिबागची आगरी निराळी, तिथल्या मुलाला ही शिवी वाटेल. चूकसूचनेतली परकी गंमत किती महागात पडते ते पीएचपी या भाषेला विचारा. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स हे इस्राएलचे, त्यांनी :: या चिन्हाला आत 'पामायिम नेकुदोतायिम' असं हिब्रू नाव दिलं, म्हणजे दोनदा दोन टिंबं. त्यांना ते सहज सुचलं असेल, पण ते थेट चूकसूचनेत छापलं जायचं आणि जगभरचे लोक वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले. पीएचपी ८ पासून सूचनेत साधं चिन्हच दिसतं. चूक झाली की मुलाला तीन गोष्टी हव्या असतात: कुठली ओळ, काय सापडलं, काय अपेक्षित होतं. एल्म आणि रस्ट या भाषांच्या सूचना वाचा, त्यावरून शिका. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी 'माका कळाक नाय' एवढं जोडलंत तर माझी हरकत नाही. त्यात न कळण्याचा दोष यंत्र स्वतःकडे घेतं.

चिन्हांना टोपणनावं तुम्ही देऊ नका, ती वापरणारे देतात. पर्लच्या <=> ला लोक स्पेसशिप म्हणू लागले आणि ते नाव रुबी, पीएचपी, सी++ पर्यंत गेलं. पायथॉनच्या := ला वॉलरस म्हणतात, दोन डोळे आणि सुळे दिसतात म्हणून. नाव गोजिरं, पण त्या चिन्हाच्या प्रस्तावावरून इतकी भांडणं झाली की जुलै २०१८ मध्ये ग्विडोंनी 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' हे आपलं थट्टेचं पद सोडलं. तुमची पोरं एखाद्या चिन्हाला बांगडा म्हणतील, म्हणू द्या.

एक तांत्रिक गोष्ट राहिली आणि ती थट्टेपेक्षा निकडीची आहे. 'गाऱ्हाणं' हा शब्द कीवर्ड किंवा चलाचं नाव म्हणून कुणी टंकला तर त्यातला ऱ्ह किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: थेट ऱ हे अक्षर वापरून, र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडक घालून. दिसायला तिन्ही सारखे, इंटरप्रिटरला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान रूपांना एकच रूप देण्याने, एक होतात, तिसरा होत नाही. पायथॉन नावांचं प्रमाणीकरण करतं, पण अदृश्य जोडक दिसला की नावच नाकारतं. तुम्ही असं करा: आत येणारा मजकूर आधी प्रमाणित करून घ्या, मग र-हलन्त-जोडक ही जोडी ऱ-हलन्त अशी बदलून घ्या आणि मगच शब्द ओळखायला बसा. कीवर्डच्या यादीतला प्रत्येक शब्द इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि मोबाइलच्या कीबोर्डवर टंकून साठवा आणि चाचण्यांत तिन्ही घाला. रोमन आणि देवनागरी अंक यांचं काय करायचं, मिसळ चालवायची की नाही, तेही आत्ताच ठरवा, कारण शाळेतल्या पुस्तकांत देवनागरी आकडेही असतात आणि कीबोर्डवर बहुधा रोमन.